शोकवार्तेआधीचा फोन

यमुनाबाईंना त्यांचा मुलगा गेल्याचं मी सांगितलं. टीव्हीवरून. लिपस्टिक लावून, हिरवी पैठणी नेसून, खुर्चीत ताठ बसून. त्यांच्या घरच्यांनी तोवर त्यांना काही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि उतरू नयेच.

मी मृणाली. मारुती मंदिरजवळ माझं ब्युटी पार्लर आहे. रत्नागिरीत निम्म्या नवऱ्या माझ्या हातून बोहल्यावर चढतात, एवढं मी बढाई न मारता सांगते. आमच्या इथल्या केबल चॅनेलवर रोज संध्याकाळी सातला स्थानिक बातम्या लागतात. त्या मी वाचते, पार्ट-टाइम. धावतपळत जायचं, कागद उचलायचे, वाचायचं आणि घरी येऊन कुकर लावायचा. जेवढी बातमीपत्रं वाचीन तेवढ्यांचेच पैसे. मेकअप माझा, साड्या माझ्या. चॅनेलचा मालक हर्षद येईल-जाईल त्याला सांगायचा, "मृणाली म्हणजे पैसा वसूल!" आणि मी खुळी, ते ऐकून फुगायची.

माझ्याआधी तिथे रावजी होते. पगारी, दिवसभराचे. सकाळी यायचे, बातम्या लिहायचे, संध्याकाळी वाचायचे आणि मधला सगळा वेळ फोनला चिकटलेले. माणूस काही गोड नव्हता हो. केसांना कलप, शर्टाला इस्त्री कडक आणि जीभ त्याहून कडक. मी सुरुवातीला फक्त रविवारी वाचायला जायची, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "वाचताना मान काय हलवतेस गं? नंदीबैल आहेस?" कॅमेरावाला निलेश फिदीफिदी हसला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ते मी विसरले नाही. विसरायला हवं होतं.

मग एक दिवस हर्षदने मला केबिनमध्ये बोलावलं. जाहिराती कमी झाल्या होत्या, लोक मोबाइलवर बघायला लागले होते, हे त्याचं नेहमीचं रडगाणं गाऊन झालं. मग म्हणाला, "तू खरं सांग. रावजी एक, त्याच्या पगारात पार्ट-टाइमवाले तिघं बसतात. परवडतो का असा माणूस?"

नाही म्हणता आलं असतं. मला काय कळतंय, तुझं तू बघ, असंही म्हणता आलं असतं. पण मी काय म्हटलं? म्हटलं, "अर्ध्या तासाच्या बातम्यांना दिवसभराचा माणूस हवाय कशाला? दिवसभर करतात काय ते? मेलेल्यांच्या घरी फोन करून गप्पा मारतात." हर्षद हसला. त्याला तेच ऐकायचं होतं. आणि मला काय ऐकायचं होतं, तेही मला माहीत होतं. खुर्ची मला हवी होती.

महिना संपला नि रावजी गेले. जाताना माझ्याशी भांडतील असं वाटलं होतं. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "हे बघ पार्लरवाले, शोकवार्ता आली की वाचायच्या आधी त्या घरी फोन करायचा. नंबर कागदाच्या खाली असतो. आमच्याकडची माणसं मुंबईत जातात, तिकडेच वारतात. घरातल्या म्हाताऱ्यांना लगेच सांगत नाहीत. आजारी आहे, घेऊन येतायत, असं सांगून रात्र काढतात. पण सकाळच्या अंत्ययात्रेला गावोगावचे नातेवाईक यायला हवेत, म्हणून बातमी तर आपल्याकडे देतातच. तेव्हा फोन करून सांगायचं, अमुक वाजता वाचतोय, तेवढी पाच मिनिटं टीव्हीची वायर काढा."

"बरं," मी म्हटलं.

म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. पहिल्या आठवड्यात एक शोकवार्ता आली. मी फोन केला. पलीकडची बाई रडायलाच लागली. तिचा नवरा कसा गेला, कालच भाजी घेऊन आला होता, सगळं सांगत बसली. कसा ठेवणार फोन? बातम्या उशिरा लागल्या. हर्षद उखडला, "मृणाली, तुला वाचायचे पैसे देतो, फोन करायचे नाही." मलाही ते पटलं. पटायला सोपं होतं ना! खरंच, फोनचे पैसे मला कोण देत होतं? त्यानंतर मी फोन केला नाही. काही झालंही नाही. मला वाटलं, रावजींनी उगाच आपलं महत्त्व वाढवून ठेवलं होतं.

त्या दिवशी पार्लरमध्ये नवरीची ट्रायल होती. नवरीच्या आईला आयलायनर पसंत पडेना. तिथून सुटले ती थेट स्टुडिओत. निलेश म्हणाला, "बस, बस, लाइव्ह जातोय." कागद हातात आले. जयगडच्या बंदराची बातमी, रस्त्यांच्या खड्ड्यांची बातमी, दापोलीच्या कृषी प्रदर्शनाची आणि शेवटी शोकवार्ता. खाली पेनाने लिहिलेला नंबर होता, 'गौरव, पुतण्या'. मी तो नंबर बघितला. बघितला आणि कागद गठ्ठ्याखाली सरकवला.

आणि मग वाचलं. छान वाचलं. शोकवार्तेला मी आवाज खाली आणते, ते मला जमतं. "जयगड येथील विठ्ठल डोर्लेकर यांचे आज मुंबई येथे हृदयविकाराच्या झटक्याने दुःखद निधन झाले. त्यांच्या पश्चात आई, पत्नी, एक मुलगी असा परिवार आहे. अंत्ययात्रा उद्या सकाळी राहत्या घरातून निघेल." मान अजिबात हलवली नाही.

साडीच्या पिना काढत होते तेवढ्यात निलेशने फोन आणून दिला. गौरव होता. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दोन ऐकवल्या असत्या, मला तेवढं येतं. पण तो पोरगा विचारत होता, "मॅडम, रावजीकाकांचा फोन नाही आला तो?" आणि तोच पुढे सांगत गेला. "आम्ही फोनची वाट बघत होतो. अख्खी संध्याकाळ टीव्ही बंद ठेवला असता तर आजीला संशय आला असता. ती रोज सातच्या बातम्या बघते. फोन आला की वायर काढणार होतो. तुम्ही 'पश्चात आई' म्हणालात तेव्हा मी धावलो. पण तोवर तिनं ऐकलं होतं." मागे बायका रडत होत्या. त्यांच्यात एक म्हातारा आवाज होता, तो रडत नव्हता. विठू, विठू, अशा नुसत्या हाका मारत होता.

दुसऱ्या दिवशी मी हर्षदला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "लेखी तक्रार आलीय का?" मी नाही म्हटलं. "मग सोड ना! आणि एक गंमत सांगू? तो भाग ऑनलाइन सगळ्यात जास्त बघितला गेलाय."

"गंमत?" माझं डोकंच फिरलं. "हर्षद, त्या बाईने मुलगा गेल्याचं माझ्या तोंडून ऐकलं, आणि तुला गंमत वाटते?" मी आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो शांत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "फोन तू नाही केलास, मृणाली. मी नाही."

आणि ते खरं होतं. त्याने फोन करू नको असं कधी म्हटलं नव्हतं. पैसे देणार नाही, एवढंच म्हटलं होतं.

काल पार्लर बंद ठेवलं आणि दुपारच्या एसटीने जयगडला गेले. तोंडाला काही लावलं नाही. वाटेत दोनदा वाटलं, उतरावं आणि परतीची गाडी पकडावी. घर बंदराच्या अलीकडे, उतारावर. ओटीवर माणसं बसली होती. गौरवने मला ओळखलं नाही. नाव सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा आवळला, पण आत घेऊन गेला.

यमुनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. लहानशा, वाळलेल्या. मी पायाशी बसले. "आजी, ती बातमी मी वाचली. मी चुकले. आधी फोन करायचा असतो, तो मी केला नाही." एवढंच म्हणायचं ठरवून आले होते. म्हणून झालं नि रडायला लागले. लाज वाटली, घर त्यांचं, दुःख त्यांचं, आणि रडते मी.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू व्हय ती. टीवीत गोरी दिसतंस." आणि पुढे, "पुरं सांग मला. ह्येनं वायर काढलान नि पुढचा ऱ्हायला. ही सगळी नुसतं म्हणतात, शांतपणी गेला. तू सांग."

"आजी, नको."

"सांग गो."

मग मी सांगितलं. कागद नव्हता, पण मला पाठ झालं होतं. कुणाचं काय, कुठे, कशाने. 'त्यांच्या पश्चात आई' इथे मी अडखळले. त्यांनी माझा हात धरला नि विचारलं, "माजा नाव व्हता?"

"नव्हतं आजी. नुसतं आई असं होतं."

"पयला माजाच?"

"हो. पहिलं तुमचंच."

त्यांनी मान हलवली. पदराने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. गौरवची बायको चहा घेऊन आली. मला वाटलं, झालं, आता उठावं. एवढं बोलले म्हणजे थोडं हलकं वाटेल, अशी आशा होती मला, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात त्यांनी विचारलं, "रावजी बरा हाय मा? आजारी-बिजारी पडला काय? माजा घोव, ह्येचा आजोबा, गेला तवा माजी सासू व्हती घरात. रावजीनं दोनदा फोन केलान व्हता. तो असा करणारा न्हाय. ह्यो म्हणत व्हता, काका सुट्टीवर असतील."

तिथे बसलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सुट्टीवर आहेत, म्हटलं असतं तर सगळ्यांनीच मानलं असतं. सगळ्यांना तेच हवं होतं, मला तर फारच.

"ते बरे आहेत, आजी. त्यांना काढलं. त्यांचा पगार परवडत नव्हता. मीच म्हटलं, त्यांची गरज नाही. मी स्वस्तात पडते म्हणून मला घेतलं."

यमुनाबाईंनी माझा हात सोडला नाही. उलट दुसऱ्या हाताने वरून थोपटला, आपण पोरीला थोपटतो तसा. आवाजात रागाचा लवलेश नव्हता, आणि म्हणूनच तो आवाज कानातून जात नाही.

"म्हाग पडलंस गो बाय," त्या म्हणाल्या. "घे, चाय थंड व्हतेय."