मार्लिसच्या घशाखाली उतरेल अशी बिअर

हार्लन क्रुगर तळघरात बिअर करायचा आणि वर स्वयंपाकघरात त्याची बायको मार्लिस ती चाखायची. चाखायची म्हणजे काय, ओठ ओले करायची. मग पेला टेबलावर ठेवून म्हणायची, "वेगळी आहे."

विस्कॉन्सिनमध्ये जन्म काढलेल्या माणसाला या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शेजाऱ्याने घराला जांभळा रंग दिला, तर तो वेगळा असतो. जावयाने मानेवर मगर गोंदवून घेतली, तर तीही वेगळीच असते. हार्लनला अर्थ चांगला कळायचा. तो गुपचूप पेला उचलायचा, उरलेली बिअर स्वतः संपवायचा आणि पुढच्या खेपेला काहीतरी नवीन करून बघायचा.

कागदगिरणीत बॉयलर सांभाळण्यात त्याची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्याने तळघरच गिरणीसारखं लावून घेतलं. मोठी पातेली, नळ्या, काचेचे बुधले, सगळं जागच्या जागी. वॉसॉ या त्यांच्या गावात घरच्या घरी बिअर करणाऱ्यांचं एक मंडळ होतं, ते महिन्यातून एकदा बोलिंगच्या अड्ड्याच्या मागच्या खोलीत जमायचं. तिथे हार्लनच्या बिअरची वाहवा व्हायची. पण बाहेर कितीही वाहवा झाली तरी घरच्या माणसाने तोंड वाकडं केलं की सगळं पाण्यात.

त्या वर्षी हरणांच्या शिकारीचा मोसम संपल्यावर मंडळाची बैठक भरली. मंडळाची प्रमुख होती डेनीस, शाळेची माजी मुख्याध्यापिका. काळीकुट्ट, कडूजहर बिअर करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने टेबलावर चमचा आपटला.

"या वर्षी परीक्षक आपण नाही. परीक्षक म्हणजे आपले नवरे आणि बायका."

"मेलो," कोणीतरी म्हणालं.

"प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला आवडेल अशी एक बिअर करायची. मार्चमध्ये इथेच ठेवू. कोणाची कुठली ते न सांगता सगळ्यांना सगळ्या प्यायला द्यायच्या. ज्याची बायको त्याचीच बिअर निवडेल, किंवा नवरा, ते जोडपं जिंकलं."

"आणि कोणीच नाही निवडली तर?" हार्लनने विचारलं.

"तर समजायचं की इतकी वर्षं आपण कोणासोबत राहतोय ते आपल्याला ठाऊक नाही," डेनीस म्हणाली. "माझा रॉजर तर बिअरचा वास आला की खिडकी उघडतो. मलाच जास्त काळजी आहे."

घरी परतताना गाडीत हार्लनच्या शेजारी वर्न सोबोटा बसला होता. वर्न त्याचा गिरणीतला जुना सोबती. त्याचं प्रत्येक विषयावर ठाम मत असायचं.

"सोपं आहे रे. बायकांना गोड लागतं. स्ट्रॉबेरी घाल, मध घाल. रंग गुलाबी आला पाहिजे. मी जोऑनसाठी तेच करणार."

"तिला आवडते गुलाबी?"

"न आवडायला काय झालं?"

हार्लनलाही ते पटलं. त्याने एक बिअर स्ट्रॉबेरीची केली आणि एक मध-व्हॅनिलाची. स्ट्रॉबेरीची बिअर मार्लिसने जिभेला लावली आणि म्हणाली, "खोकल्याचं औषध." मधाची बिअर तिने प्यायलीच नाही. नुसता वास घेतला. "हार्लन, हे केसांना लावायचं आहे का?"

"अगं, मग तुला हवं तरी काय?"

"मी कुठे काय मागितलं? तूच पेला घेऊन वर येतोस," असं म्हणून ती बोलिंगची पिशवी उचलून निघूनही गेली. बुधवारी तिचा आणि जोऑनचा खेळ असायचा.

जानेवारीत एका सकाळी अंगणातलं बर्फ उपसून हार्लन मागच्या दाराने घरात आला. पायातले बूट काढून आवाज न करता स्वयंपाकघरात शिरला, तर मार्लिस फ्रिजचं दार उघडं टाकून पाठमोरी उभी. शेपू घालून खारवलेल्या काकड्यांची बरणी तिने तोंडाला लावली होती. काकड्या कधीच संपल्या होत्या. ती उरलेला खार पीत होती. गटागटा, डोळे मिटून, उन्हातून आलेल्या माणसाने पाणी प्यावं तशी.

"हे काय चाललंय?"

मार्लिस दचकली नाही. तिने मनगटाने ओठ पुसले. "पितेय."

"खार?"

"मग टाकून देऊ?"

"हे कधीपासून?"

"लहान होते तेव्हापासून. आम्हा बहिणींची त्यावरून मारामारी व्हायची." तिने रिकामी बरणी सिंकमध्ये ठेवली. "तुला माहीत नव्हतं?"

हार्लनला माहीत नव्हतं. तो खुर्चीवर टेकला, आणि मग एकेक गोष्ट त्याच्या डोळ्यांपुढे यायला लागली. शुक्रवारी मासे खायला जातात तेव्हा ती सगळ्यांच्या ताटातल्या लिंबाच्या फोडी गोळा करते. ग्रेपफ्रूटच्या फोडींवर मीठ भुरभुरवते. वाढदिवसाच्या केकवरचं क्रीम सुरीने खरवडून त्याच्याच ताटात टाकते, आणि तो इतकी वर्षं समजत होता की हे प्रेमापोटी. या बाईला तो मध पाजायला निघाला होता!

त्याने लगेच डेनीसला फोन लावला.

"आंबट आणि खारट?" डेनीसने विचारलं. "अरे, तशी बिअर आहे की. जुनी, जर्मन. निम्मा गहू, थोडे धने, थोडं मीठ. पण आंबवायला हवी. त्याचं विरजण विकत मिळतं, नाहीतर कोबीच्या बरणीतला खार घाल. मार्लिस कोबी आंबवते ना?"

"आंबवायची," हार्लन म्हणाला आणि त्याने विषय बदलला.

विषय बदलण्याचं कारण होतं. मार्लिसकडे तिच्या आजीची चिनी मातीची मोठी बरणी होती. दर ऑक्टोबरात ती कोबी बारीक चिरून, मीठ चोळून त्यात दाबून भरायची. बरणी तळघरातच असायची. तीन वर्षांपूर्वी हार्लनची एक अख्खी बिअर आंबली. दोष बरणीचाच, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं आणि मार्लिसला न विचारता ती उचलून गॅरेजमध्ये नेली. थंडी कडाक्याची पडली आणि कोबी गोठून दगड झाला. मार्लिस तेव्हा भांडली नाही. पुढच्या ऑक्टोबरात मात्र ती बरणी गॅरेजमधून नाहीशी झाली होती. फेकली असेल बहुतेक, असं हार्लनला वाटलं. विचारायची छाती झाली नाही. त्यानंतर घरात सॉसेजबरोबर दुकानातला आंबवलेला कोबी यायला लागला.

गव्हाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला गहू, वर्नकडे शिल्लक होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी हार्लन त्याच्याकडे गेला. वर्न त्याला तळघरात घेऊन गेला. स्ट्रॉबेरीच्या बिअरचा बुधला कोपऱ्यात बुडबुडत होता आणि त्याला अगदी खेटून, वर ताटली, ताटलीवर दगड ठेवलेली मार्लिसच्या आजीची बरणी बसली होती.

हार्लन बघतच राहिला. "ही इथे काय करतेय?"

"बरणी? तुझ्या बायकोची ना ती. जोऑन आणि ती मिळून कोबी घालतात. अर्धा तुमचा, अर्धा आमचा." वर्न थबकला. "तुला सांगितलं नाही तिने?"

"पण मग आम्ही घरी खातो तो दुकानातला..."

"पिशवी दुकानाची असेल," वर्न म्हणाला. "अरे देवा. मी काही बोललो नाही हं. जोऑन मला जिवंत सोडणार नाही."

"वर्न, आणि तुझ्या बिअर? एक तरी आंबली?"

"माझ्या? एकसुद्धा नाही. का आंबेल? बरणी झाकलेली आहे." वर्नने डोकं खाजवलं. "तुझी ती आंबली तेव्हा तू बिअर काढायला तो जुना प्लास्टिकचा नळ वापरत होतास ना? आतून काळा पडलेला? मार्लिस म्हणत होती, तो उघडून धुवायचं तुझ्या कधी मनातच आलं नाही."

म्हणजे मार्लिसला ठाऊक होतं. वर्नला आणि जोऑनलाही ठाऊक होतं. बहुतेक बोलिंगच्या अड्ड्यावरच्या सगळ्या बायकांना. हार्लन माल्टची गोणी खांद्यावर टाकून घरी आला, तेव्हा मार्लिस कोडं सोडवत बसली होती. त्याने गोणी खाली ठेवली, टोपी काढली.

"वर्नच्या तळघरात गेलो होतो."

"बरं."

"बरणी बघितली."

मार्लिसने पेन्सिल खाली ठेवली. बोलायची पाळी आता त्याची होती.

"मी गाढव आहे," हार्लन म्हणाला. "बरणीचा काही दोष नव्हता. नळच घाण होता. आणि तुला न विचारता ती हलवायला नको होती."

"ती आजीची होती रे," मार्लिस म्हणाली. "गोठून फुटली असती तर? त्या रात्री मी चार वेळा उठून बघून आले."

हे त्याला अगदी नवीन होतं. तो टोपी हातात धरून समोर उभा राहिला. शेवटी तिलाच राहवलं नाही. "बस आता. चर्चमध्ये उभा असल्यासारखा काय उभा राहतोस? आणखी काय हवंय तुला? तोंडावर दिसतंय."

"थोडा खार," हार्लन म्हणाला. "बरणीतला. बिअरमध्ये घालायला."

मार्लिस इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. "माझ्या बरणीला हद्दपार करून आता तिच्याच दारात वाटी घेऊन उभा! मिळेल. पण बरणी घरी येणार. तळघरात, तिच्या जुन्या कोपऱ्यात. आणि माझा खार तुझ्या पातेल्यात जाणार असेल, तर मी तिथे हजर असणार."

शनिवारी दोघं तळघरात उतरली. हार्लनने गव्हाचा आणि जवाचा गोडसर काढा केला, कोमट होऊ दिला. मार्लिसने वाटीभर खार चाखला, मान डोलावली आणि ओतला. आता पातेलं दोन दिवस ऊबदार ठेवायचं होतं. त्या थंडीत तळघरात ऊब कुठली? मार्लिसने वर जाऊन पलंगावरचं विजेचं ब्लँकेट आणलं आणि पातेल्याभोवती गुंडाळलं.

"आणि आपण?" हार्लनने विचारलं.

"आपण मोजे घालू."

दोन दिवस पातेलं गरम राहिलं आणि नवरा-बायको कुडकुडत झोपली. मार्लिस येता-जाता झाकण उचलायची, चमच्याने चाखायची. "अजून नाही." संध्याकाळी, "अजून नाही." हार्लनला घाई झालेली, पण ती बधेना. सोमवारी दुपारी तिने चमचा तोंडात घातला आणि एक डोळा आपोआप मिटला. "आता."

हार्लनने तो काढा उकळला, म्हणजे आंबवणारे जीव तिथेच थांबले. धने मार्लिसने खलात भरडले. मीठ किती यावरून वाद झाला. त्याने पुस्तकाप्रमाणे मोजून घातलं, आणि तो यीस्ट आणायला वळल्यावर तिने आणखी चिमूटभर टाकलं. त्याने ते पाहिलं. तरी तो यीस्टची पुडी शोधत राहिला.

मार्च उजाडला तरी नदीवर बर्फ होतंच. बोलिंगच्या अड्ड्याच्या मागच्या खोलीत टेबलावर कागदी पेले मांडले होते आणि नवरे-बायका रांगेने पुढे सरकत होते. करणारे भिंतीला टेकून उभे, परीक्षेच्या निकालाला आल्यासारखे.

रॉजरने, बिअरच्या वासाने खिडकी उघडणाऱ्या रॉजरने, गुलाबी पेला उचलला, चाखला, पुन्हा चाखला. "ही कोणाची? अहाहा! जणू आइस्क्रीमच."

"माझी!" वर्न ओरडला आणि मग त्याच्या लक्षात आलं की याचा काही उपयोग नाही.

जोऑनने गुलाबी पेला हुंगून बाजूला सारला. ती टेबलाच्या टोकाला असलेल्या काळ्याकुट्ट पेल्यापाशी जाऊन थांबली. एक घोट, दुसरा घोट. "ही," ती म्हणाली. "या बिअरला कणा आहे."

"ती माझी आहे," डेनीस हळू आवाजात म्हणाली.

"जोऑन!" वर्न कळवळला. "तुला कडू आवडतं?"

"चाळीस वर्षं कॉफी कशी पिते मी, वर्न?"

मग मार्लिसची पाळी आली. ती एकेक पेला ओठांना लावत, सभ्यपणे मान हलवत पुढे गेली. धुरकट पिवळ्या पेल्यापाशी तिने घोट घेतला आणि तिथेच थांबली. पेला रिकामा केला. मागच्या माणसासाठी ठेवलेला शेजारचा पेलाही उचलला आणि तोही संपवला.

"रांग पुढे जाऊ दे," कोणीतरी म्हणालं.

"थांब जरा," मार्लिस म्हणाली. "ही माझी."

"हरकत!" वर्न भिंतीपासून पुढे आला. "तिने स्वतःच केलेली बिअर ओळखली! खार तिचा, बरणी तिची. हे नियमात बसतं का?"

सगळ्यांनी डेनीसकडे पाहिलं. डेनीसने चमचा आपटला. "नियम एवढाच होता की जोडीदाराला आवडेल अशी करायची. एकट्याने करायची असं कोणी म्हटलं होतं? मला सुचलं असतं तर मीही रॉजरला कामाला लावलं असतं. क्रुगर जिंकले."

टाळ्या पडल्या. बाकीच्यांनी कुतूहलाने ती बिअर चाखली आणि खोलीभर तोंडं आक्रसली. रॉजरने खरोखर खिडकी उघडली. हार्लनने स्वतः एक पेला घेतला. आंबटाची त्याला सवय नव्हती, कानशिलं झिणझिणली, पण त्याने पेला खाली ठेवला नाही.

"तुला नाही आवडली," मार्लिस त्याच्या कानाशी म्हणाली.

"तिसऱ्या घोटाला बरी वाटायला लागली."

"खोटारडा."

परतताना गाडी तिने चालवली, कारण तिच्याकडचे बाकीचे पेले हार्लनने संपवले होते आणि तिने दोनच घेतले होते. पुलावरून जाताना ती एकदम म्हणाली, "धने जरा जास्त झाले. मीठ बरोबर होतं."

"तू टाकलंस म्हणून?"

"तू बघितलंस?"

"बघितलं."

ती हसली. पुढचा सिग्नल हिरवा होईपर्यंत ती स्टिअरिंगवर बोटं वाजवत काहीतरी हिशेब करत होती.

"उन्हाळ्यात बहिणीकडच्या झुडपांना आंबट गूजबेरी लागतात," ती म्हणाली. "त्या घालून बघायच्या. पातेलं मी सांभाळीन. तुझं ते बाटल्या धुण्याचं काम तू कर, त्यात तुझा हात चांगला आहे."

"आणि नळ?"

"नळ मी बघीन," मार्लिस म्हणाली आणि तिने गाडी गल्लीत वळवली.