एक मेणबत्ती शिल्लक

नीलचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात एका माणसाच्या पायाचा एक्स-रे बघत होतो. लोअर परळला एका विमा कंपनीत मी क्लेम तपासतो. माणूस सांगतो, जिन्यावरून पडलो. मी बघतो की तारखा जुळतात का, सही त्याच डॉक्टरची आहे का आणि पडायच्या दोनच महिने आधी ह्याला पॉलिसी घ्यायची बुद्धी कशी झाली. माझी बायको प्राची म्हणते, तू घरीपण असाच आहेस, दूध नासलं तरी आधी गुन्हेगार शोधतोस. खोटं नाही ते.

मेसेज असा होता: ‘विनीत, मी नील. दादरचा. "नाइन्थ वॉर्ड"चा पहिला भाग नव्याने बनवून काढलाय, बघितलास का? जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून एक व्हिडिओ करावा म्हणतोय. आपण दोघांनी. जमेल?’

एकवीस वर्षांनी! माझ्या डोक्यात पहिला विचार हाच आला, की ह्याला आता माझ्याकडून काय हवंय?

‘नाइन्थ वॉर्ड’ हा एका बेटावरच्या बंद पडलेल्या हॉस्पिटलात अडकलेल्या नर्सचा भीतीदायक गेम. माझा मामा बोटीवर नोकरीला होता, त्याने खेळायचं मशीन आणि हा गेम आणून दिला. तेव्हा आम्ही नववीत होतो. नील डिलाईल रोडला आमच्या चाळीत यायचा, दोन तास बसायचा. कंट्रोलर एकच, तो माझ्या हातात. नीलच्या मांडीवर दोनशे पानी वही. कुठलं दार कुठे उघडतं, कुठल्या चावीने उघडतं, कुठल्या खोलीत काय दबा धरून बसलंय, सगळं तो त्या वहीत उतरवायचा.

त्या गेममध्ये आपला खेळ कुठेही साठवून ठेवता यायचा नाही. ठरावीक खोल्यांत आरसे होते. आरशासमोर मेणबत्ती लावली की तिथपर्यंतचा खेळ मेमरी कार्डावर राहायचा. मेणबत्त्या अख्ख्या गेममध्ये चौदा. नील चिक्कूपणाने त्या सांभाळायचा, लावलेल्या प्रत्येक मेणबत्तीची वहीत एक ओळ लिहायचा. मी विचारायचो, "लावू का मेणबत्ती?" तो म्हणायचा, "नको, अजून दोन खोल्या जाऊ." मग दुसऱ्या खोलीत नर्स मरायची आणि तासभराचा खेळ पाण्यात जायचा. मी त्याच्या नावाने शंख करायचो. तो शांतपणे वहीत लिहायचा, ‘डावीकडच्या कपाटामागे एक आहे.’

असं करत करत आम्ही शेवटच्या आरशापाशी पोचलो. पुढे लोखंडी दार. तेरा मेणबत्त्या संपल्या होत्या, एक उरली होती. सहामाही परीक्षा तोंडावर आली, म्हणून ठरलं की दार दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उघडायचं, दोघांनी मिळून. नीलच्या वडिलांनीही त्याला तसंच मशीन घेऊन दिलं होतं. आपल्याकडे हे कार्ड चालतं का बघतो म्हणून तो ते गेमच्या सीडीसकट चार दिवस घरी घेऊन गेला. खंडेनवमीला संध्याकाळी परत आणून दिलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नील वही घेऊन बसला आणि मी कार्ड लावलं. पडद्यावर आलं, कार्ड नाही. काढून परत लावलं, फुंकर मारली, आपटलं. कार्ड नाही.

मला एका मिनिटात सगळं कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. ह्याने घरी एकट्याने शेवटचं दार उघडलं, उरलेली मेणबत्ती जाळली आणि मला कळू नये म्हणून कार्डच मारून टाकलं. गॅलरीत उभा राहून मी हे मोठ्याने बोललो. अर्धी चाळ ऐकत होती. तुम्ही दादरवाले असेच, गोड बोलून गळा कापता, असंही बोललो. नील लालबुंद झाला. एवढंच म्हणाला, "मी दिलं तेव्हा चालत होतं." चपला घातल्या आणि गेला. वही आमच्याकडेच राहिली. तो परत कधी आला नाही.

म्हणून मी मेसेजला हो म्हटलं. मैत्रीबित्री काही नाही, मला त्याला पकडायचं होतं. मेलेलं कार्ड मी अजून शाळेच्या कंपासपेटीत ठेवलं होतं. ठरवलं, कॅमेरा चालू असताना ते त्याच्यासमोर ठेवायचं आणि त्याचं तोंड बघायचं.

रविवारी दुपारी नील आमच्या घरी आला. केस विरळ झालेले, जाड चष्मा, पाठीवर लॅपटॉप, हातात स्वतःचं जुनं मशीन. मागून टॅक्सीवाला, नीलने कुठूनतरी पैदा केलेला डबा टीव्ही घेऊन वर आला. आई खिडकीपाशी मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली.

"नील मा रे तू? किती बारीक झालंस!"

"काकू, बारीक कुठला, पोट बघा," नील म्हणाला आणि वाकून पाया पडला. मी मनात म्हटलं, नाटक सुरू झालं.

डावीकडे डबा टीव्हीवर जुना गेम, उजवीकडे लॅपटॉपवर नवा. कॅमेरा स्टँडवर. नीलने दोन्ही नर्सना एकाच व्हरांड्यात आणून उभं केलं.

"बघ," तो म्हणाला. "जुन्यात कॅमेरा वर कोपऱ्यात अडकवलेला. वळणापलीकडे काय आहे ते दिसतच नाही, फक्त पाय घासल्याचा आवाज येतो. नव्यात कॅमेरा तिच्या खांद्यामागे. मान वळवली की सगळं समोर."

"म्हणून नव्यात भीती वाटत नाय," मी म्हटलं. "धावत येतात, तू गोळ्या घालतोस, विषय खल्लास. आणि दारं? जुन्यात दार उघडायला किती वेळ लागायचा! काळा पडदा, करकर आवाज. तेवढ्यात छातीत धडधड."

"ते मशीन कमकुवत होतं म्हणून रे. पुढची खोली तयार व्हायला वेळ लागायचा."

"असेल. पण आपली तंतरायची ना?"

नील हसला. पण त्याने नव्याची बाजू सोडली नाही. जुन्या नर्सचं तोंड म्हणजे पाच-सहा चौकोन, नव्या नर्सचे हात थरथरताना दिसतात, तिची कीव येते, असं तो म्हणाला. ऑफिसातून दमून आल्यावर एकच तास हाताशी असेल तर गेम आपोआप साठतो हे बरंच आहे, असंही म्हणाला. मी म्हटलं, मेणबत्ती नाही तर पणाला काय लागलं? मेलात की चार पावलं मागे, परत चालू. नव्यात तर नर्सबरोबर एक वॉर्डबॉयपण दिलाय. पहिल्या मिनिटापासून तो असा तिरका बघतो की त्याच्यावर संशय घ्यायचं कामसुद्धा गेमच करून टाकतो.

"तुला तो वॉर्डबॉय वाईट वाटला?" नीलने विचारलं.

"वाटणारच. दाखवलाय तसा."

"हं," नील म्हणाला आणि चष्मा वर सरकवला.

मी बारीक लक्ष ठेवून होतो. वही मी मुद्दाम टेबलावर ठेवली होती. त्याने ती बघितली, तिच्या पुठ्ठ्यावरून एकदा हात फिरवला, पण उघडली नाही. लॅपटॉपच्या कोपऱ्यात गेम किती खेळून झाला त्याचा आकडा होता, शहाण्णव टक्के. शेवटचा विषय आला, जुना शेवट आणि नवा शेवट, तर हा म्हणाला, "शेवटाचं तू बोल. मी नाही बोलत." मी दोनदा विचारलं. दोनदा त्याने विषय बदलला. माझ्या धंद्यात माणूस एका प्रश्नावर दोनदा घसरला की मी फाइलला लाल खूण करतो.

मी कंपासपेटी उघडली आणि कार्ड त्याच्यासमोर ठेवलं. कॅमेरा चालूच होता.

"ओळखलंस?"

त्याचा चेहरा उतरला. घाबरला असं मला वाटलं आणि खोटं कशाला सांगू, आनंद झाला.

"अजून ठेवलंयस?" त्याने विचारलं.

"मग? पुरावा हाय तो. आता सांग, काय केलं होतंस ह्याचं?"

त्याने कार्ड उचललं, चष्मा काढला आणि कार्ड डोळ्यांजवळ नेऊन खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. बराच वेळ बघत राहिला.

"विनीत," तो हळू आवाजात म्हणाला, "ह्यात कुंकू आहे."

"काय फेकतोस?"

"बघ ना. आणि तांदळाचा दाणा."

मी कार्ड हिसकावून घेतलं. कार्ड मशीनला जिथे जोडतात त्या बारीक फटीत सोनेरी पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांवर काळपट लाल लेप घट्ट बसला होता आणि त्यात एक अर्धा तांदूळ रुतला होता. कुठल्याही क्लेममध्ये मी पहिल्यांदा वस्तू तपासतो, माणूस नंतर. हे कार्ड मी एकवीस वर्षं जवळ ठेवलं आणि त्याच्या आत एकदाही बघितलं नाही. बघायची गरजच वाटली नव्हती, चोर आधीच ठरला होता.

आईने मेथी बाजूला सारली आणि उठून जवळ आली.

"अगो बाय, ह्यां अजून आसा? दसऱ्याक मियाच पूजा केलंय तेची!"

"तू?"

"मगे? त्या वर्सा तुझ्या बापाशीची मिल बंद पडलेली. घरात पुजूक हत्यार खंयचां? माझी शिलाईची मशीन, आणि तुझां ह्यां. पुस्तकात तर तुझां लक्ष नाय, जीव सगळो ह्येच्यात. म्हटलंय, ह्यांच पोराचां हत्यार, पोराक यश येवांदे." ती हसायला लागली. "ओल्या फडक्यान चांगलां पुसलंय, कुंकू भिजवून लावलंय, तांदूळ, झेंडूचां फूल."

ते झेंडूचं फूल मला आठवलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीनवरून ते मीच उचलून खिडकीबाहेर टाकलं होतं आणि मग कार्ड लावलं होतं.

"कित्याक रे?" आईने विचारलं. आता तिचं हसू थांबलं होतं. "बिघडलां काय माझ्यामुळे?"

उत्तर नीलने दिलं.

"नाही काकू, चालतंय की. तेच आता लावणार आहोत. चहा मिळेल का?"

आई आत गेली. नीलने कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं, कर्कटकाच्या टोकाने कुंकू खरवडलं आणि एकेक सोनेरी पट्टी घासायला लागला. लहानपणी तो चित्राच्या वहीवरची रेघ पुसायचा तसाच, जीभ दाताखाली धरून. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. गॅलरीत मी काय काय बोललो होतो ते शब्दन् शब्द आठवत होतं आणि हा माणूस आता माझ्या आईला सांभाळून घेत होता.

"नील," मी म्हटलं, "चुकलं माझं. तुझा काहीच दोष नव्हता. मी सगळ्यांसमोर तुला चोर केलं."

"कॅमेरा चालू आहे."

"असू दे. तेव्हा चाळीने ऐकलं, आता ज्याला ऐकायचं त्याने ऐकू दे."

त्याने मान हलवली आणि खोडरबराचा कचरा फुंकून टाकला. कार्ड जुन्या मशीनला लावलं. पडदा काळा झाला. मग अक्षरं आली. शेवटचा आरसा. खेळलेला वेळ अकरा तास बेचाळीस मिनिटं. शिल्लक मेणबत्त्या, एक.

मी वही उघडली. नीलच्या नववीतल्या अक्षरात तेरावी ओळ होती, ‘शेवटचा आरसा, ११ तास ४२ मि.’ एका मिनिटाचाही फरक नव्हता. चार दिवस कार्ड त्याच्या घरी होतं, मशीन त्याचं होतं, दार समोर होतं आणि त्याने मेणबत्तीला हात लावला नव्हता.

"नंतर तरी बघितलास शेवट?" मी विचारलं.

"नाही. दुसरा, तिसरा, सगळे भाग खेळलो. हा नाही. परवा नवा काढला तेव्हा वाटलं, आता तरी बघावा. त्याच दारापर्यंत गेलो आणि बंद केला." त्याने लॅपटॉपवरच्या शहाण्णव टक्क्यांकडे बोट दाखवलं. "मग तुला मेसेज केला. ठरलं होतं ना आपलं." त्याने चष्मा घातला. "तू?"

हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. खोटं बोलणं सोपं होतं. त्याने विश्वास ठेवला असता, तेवढं तर मला आता समजलं होतं.

"बघितला," मी म्हटलं. "दहा वर्षं झाली. ऑफिसात, डबा खाताना, फोनवर. दुसऱ्याच कोणीतरी खेळलेला. म्हटलं, तू बघितलायस तर मी का नको?"

आत आईने कप मांडल्याचा आवाज आला. त्याने मला शिवी घालावी असं मला मनापासून वाटत होतं. त्याने वही उचलली, माझ्या मांडीवर ठेवली आणि माझ्यासमोरचा कंट्रोलर स्वतःकडे ओढला.

"मग आज वही तू धर," तो म्हणाला. "आणि दारापलीकडे काय आहे ते मला सांगायचं नाही. एक शब्द नाही."

"नाही सांगत."

नर्स आरशासमोर उभी होती. नीलचा अंगठा बटणावर थांबला.

"मेणबत्ती लावू का?" त्याने विचारलं.

"लाव," मी म्हटलं आणि वहीत चौदाव्या ओळीवर आजची तारीख लिहिली.