मागच्या एक्सलचा आवाज

"भाबी, एक डाव सांगा, उतरवू का नको?" युसूफ गाडीखालून म्हणाला. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते आणि पायांशी तेलाने काळवंडलेले नट खोलायचे पाने.

अन्नपूर्णाबाई डोणगावच्या त्या गॅरेजात स्टुलावर बसल्या होत्या. समोर त्यांच्या नवऱ्याची, सहदेवची, पांढरी अम्बॅसडर. मागची चाकं काढलेली, धड लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेलं. सहदेव गेल्यावर गाडी त्यांच्या नावावर झाली, म्हणून युसूफ पुन्हा पुन्हा विचारत होता. एरवी तो एवढं विचारणारा माणूस नव्हे. गिऱ्हाईक चहा प्यायला गेलं की तो इंजिन उघडून मोकळा व्हायचा.

"आता काय इचारता, चाचा," शेजारी उभा असलेला त्यांचा मुलगा सागर म्हणाला. "समृद्धी हायवेवर जराशी पळवली की इंजन बोंबलते. मांगच्या हप्त्यात वाफ सोडून भर उन्हात उभी राह्यली. अनुपमा नागपूरले नोकरीवर एकटी राह्यते, मले दर हप्त्याले जा लागते. एक तं एक्सल बदलू, नाई तं गाडी इकून टाकू."

सागर बायकोसाठी बोलत होता, आणि खोटं बोलत नव्हता. जुन्या एक्सलमधल्या गिअरचे दात खेड्यापाड्याच्या रस्त्यांचे. सवाऱ्या कोंबून चढ चढायचा तर तेच हवेत. सपाट मोठ्या रस्त्यावर मात्र इंजिनाने जिवाच्या आकांताने फिरायचं आणि गाडीने रमतगमत चालायचं. युसूफने अकोल्याच्या भंगारातून नंतरच्या मॉडेलचा एक्सल शोधून आणला होता. आता इंजिन थोडं फिरलं तरी चाकं पुष्कळ फिरणार होती. एवढ्या जुन्या गाडीला एवढा थाट, म्हणजे नाकापेक्षा मोती जड, असं शेजारीपाजारी म्हणत होते. अन्नपूर्णाबाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांना खुपत होतं ते वेगळंच, आणि ते त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं.

जुना एक्सल घुमायचा. गाडी ओढ्याच्या पुलावर आली की मागून एक लांब 'घूं' निघायचा आणि थेट घरात, चुलीपाशी ऐकू यायचा. तो आला की त्या तवा ठेवायच्या. सहदेव हातपाय धुऊन भिंतीशी बसेपर्यंत पहिली भाकर ताटात. सगळा संसार त्या आवाजावर चालला. मग एका संध्याकाळी घूं आला, तवा ठेवला, भाकर टम्म फुगली, आणि गाडी चालवत आलेला युसूफ खाली उतरला. सहदेव मागच्या सीटवर होता. लोणारच्या स्टँडवर सवारीची वाट पाहता पाहता गेला होता.

पुढे गाडी सागर चालवू लागला. पुलावरून तोच आवाज यायचा आणि अन्नपूर्णाबाईंचे हात तवा ठेवायचे. येतोय तो सागर, हे डोक्याला कळायचं. हातांना कळत नसे, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते कळू द्यायचंही नव्हतं. पहिली भाकर भिंतीशी मांडलेल्या सहदेवच्या ताटात जायची, सकाळी गाईला. दुसरी सागरची. दोन वर्षं असंच चाललं होतं आणि घरात त्यावर चकार शब्द निघाला नव्हता.

"थांबा जरा, युसूफभाऊ," त्या म्हणाल्या. "मंग तो आवाज नाई येनार?"

युसूफ सरपटत बाहेर आला आणि फडक्याला हात पुसत उकिडवा बसला.

"नाई येनार, भाबी. दात झिजले म्हनून घुमते तो. मी तं कईचाच बंद केला असता." तो जरा घुटमळला. "एक डाव केलाही होता. भाऊले न इचारता."

"कवा?"

"सागर शायेत जायचा तवा. लाकडाचा बारीक भुसा तेलात कालवून आत ओतला. आमच्या धंद्यातली जुनी युक्ती हाये ते. गाडी एकदम मुकी झाली. मले वाटलं, भाऊ खूष होतीन. दुसऱ्या दिशी सकायीच आले अन् म्हनाले, भुसा काढ बे. माही बायको काल पुलाकडं पाहत उभी, अन् मी तिच्या मांगं उभा. कावरीबावरी झाली बिचारी. त्या आवाजानं तिले समजते मी आलो ते. राहू दे त्याले तसाच. तवापासून मी कानाले खडा लावला."

अन्नपूर्णाबाईंना ती संध्याकाळ लख्ख आठवली. आपलेच कान चुकले, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. आणि हा माणूस! आवाजावरून कोणी चिडवलं की "गाडी म्हातारी झाली" म्हणून हसून सोडायचा. एकदा सांगितलं असतं तर काय जीभ झिजली असती? त्यांना भडभडून आलं. पदराने डोळे टिपून त्यांनी सागरकडे पाहिलं. चेहरा उन्हाने रापलेला. वाफा टाकणारी गाडी, अंगावरून भरधाव जाणारे ट्रक आणि कडेला एकटं उभं आपलं पोर त्यांना दिसलं.

"काढा," त्या म्हणाल्या. "पोराले लांब जा लागते."

नट सुटत गेले. जुना एक्सल जमिनीवर आला. निघताना अन्नपूर्णाबाईंनी वाकून त्याचं टोक हाताने फिरवून पाहिलं. आत नुसती खडखड झाली.

"रस्ता लागते त्याले, भाबी," युसूफ हळूच म्हणाला.

पुढच्या रविवारी सागर नागपूरला जाऊन त्याच दिवशी परतणार होता. दिवेलागणीला अन्नपूर्णाबाईंनी पीठ मळून ठेवलं आणि त्या दारात उभ्या राहिल्या. पुलावरून एसटी गेली, ट्रॅक्टर गेला. आता तो आवाज यायचा नाही हे ठाऊक असूनही कान तिकडेच लागले होते.

मागे कोणीतरी उभं असल्याची चाहूल लागली. तशीच, त्या संध्याकाळसारखी. त्या गर्रकन वळल्या.

"आई, मी मांगच्या दारानं कवाचा आलो," सागर म्हणाला. "तू पुलाकडंच पाहून राह्यली."

"गाडी कशी चालली?"

"लोन्यावानी. इंजन गरमच नाई झालं."

त्यांनी चूल पेटवली, तवा ठेवला. सागर हातपाय धुऊन ताटावर बसला. पहिली भाकर फुगली तरी त्याने हात पुढे केला नाही, नेहमीसारखा दुसरीची वाट पाहत राहिला. अन्नपूर्णाबाईंनी ती तव्यावरून उचलली आणि त्याच्या ताटात टाकली.

"आई, हे बाबाची हाये."

"तुहे बाबा आज आले नाई," त्या म्हणाल्या. "खा, गार होते."

आणि त्यांनी दुसरी थापायला घेतली.