भाडेकरूंनी भरलेली इमारत

"दाजी, इमारत भाडेकरूंनी गच्च भरलीय. तुम्ही नुसती एक चक्कर मारा," मेहुणा म्हणाला, तेव्हाच मूल्यमापकाच्या मनात पाल चुकचुकली. इमारतींच्या किमती ठरवण्यात त्याचे केस पांढरे झाले होते, पण नुसती चक्कर मारा असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

मेहुणा विमा कंपनीत मुख्य हिशेबनीस होता. लोकांचे दावे एकदम अंगावर आले तरी देता यावेत, म्हणून विमा कंपनीला स्वतःचं भांडवल आणि वर ठरावीक शिल्लक कायम राखावी लागते. या कंपनीची शिल्लक म्हणजे जवळजवळ ही इमारतच. भाडेकरू दिसले आणि तिची किंमत पुरेशी ठरली तर परवाना टिकणार, नाही तर कंपनीला कुलूप आणि मेहुणा घरी. बायको गेल्यापासून मूल्यमापकाची विचारपूस करणारं हे एवढंच माणूस उरलं होतं. दर रविवारी यायचा, जेवायचा, नको म्हटलं तरी भांडी घासून जायचा.

दुसऱ्या मजल्यावर कापडाच्या व्यापाऱ्याचं ऑफिस होतं. पाचसहा जण माना खाली घालून लिहीत होते. परका माणूस आत आला तरी एकानेही वर पाहिलं नाही. खुर्च्यांवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

"नवीन घेतल्यात," मेहुणा घाईने म्हणाला.

"मी काही विचारलं का?"

चौथ्या मजल्यावर प्रवासाची तिकिटं काढून देणारे बसले होते. त्यांतला एक टकला, जाडजूड माणूस धापा टाकत होता.

"तुम्ही मघाशी खाली कापडाच्या ऑफिसात लिहीत बसला होता ना?" मूल्यमापकाने विचारलं.

"तो... तो माझा भाऊ."

"शर्टावरचा शाईचा डागही भावाचाच?"

टकल्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने खिडकीकडे पाहिलं.

मूल्यमापक थेट मागच्या टोकाच्या न्हाणीघरात गेला. कुठल्याही इमारतीत तो सगळ्यात लांबचा नळ उघडून बघायचा. माणसांचा वावर असेल तिथे पाणी लगेच येतं. इथे नळ आधी खोकला, मग फुसफुसला, आणि बेसिनमध्ये गंजाचं लाल पाणी पडलं. ते बराच वेळ लालच राहिलं.

"दाजी, लोक कंपनीचेच आहेत," दारात उभा राहून मेहुणा पुटपुटला. "एका दिवसापुरते बसवलेत. पुढच्या वर्षी खरे भाडेकरू येतील. आज पूर्ण किंमत लिहा, कुणाचं काय बिघडतं?"

"ज्याचं घर उद्या जळेल त्याचं. तो दावा घेऊन येईल, तेव्हा त्याला काय देणार, या खुर्च्या?"

"ताईचा भाऊ रस्त्यावर आला तर चालेल तुम्हाला?"

मूल्यमापकाने नळ बंद केला. हात पुसायला तिथे काहीच नव्हतं, त्याने ते पँटला पुसले. मग त्याने विचारलं.

"रविवारी येत होतास ते यासाठीच का रे?"

मेहुण्याने दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडला.

"सुरुवातीला नाही," तो म्हणाला.

मूल्यमापकाने मान हलवली. मग तिथेच भिंतीला टेकून त्याने टिपणात लिहिलं, 'इमारत पूर्ण रिकामी,' आणि मेहुण्याला बाजूला सारून जिना उतरू लागला. पाठीमागून पावलं येतात का, याकडे त्याचा कान होता. कुणी आलं नाही.