हिराबाईंनी विकलेला रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. तुमच्या उचगावच्या शाळेत, विज्ञानाच्या खोलीतल्या टेबलावर तुम्ही मला रोज पाहता. परवा तुमच्यातल्या एकीने मला लाकडी ओव्हन म्हटले. मला राग आला नाही. तिने माझ्यासारखे दुसरे काही पाहिलेच नसणार. म्हणून म्हटले, आपली हकीकत आपणच सांगावी.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला. सागवानी पेटी, पुढे कापडी जाळी, केंद्रांची नावे लिहिलेली काचेची पट्टी आणि पोटात काचेचे पाच दिवे. त्या दिव्यांनाच व्हॉल्व्ह म्हणतात. ते तापले की मी बोलू लागतो. लघुलहरींवर तर मी समुद्रापलीकडची केंद्रे पकडत असे.

हुपरीच्या रुद्राप्पांनी मला विकत घेतले. ते घरातच चांदीचे पैंजण घडवत. कोल्हापूरहून हुपरीपर्यंत एस.टी.त त्यांनी मला मांडीवर धरून आणले. ‘खाली ठेवा की’ असे कंडक्टरने दोनदा सांगितले, पण त्यांनी काही ऐकले नाही.

त्यांच्या बायकोचे, हिराबाईंचे, माहेर कर्नाटकातले. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठी येत नव्हते. शेजारणी हसतील म्हणून त्या दाराबाहेर फारसे बोलत नसत. दिवसभर माझ्याजवळ बसून पैंजणाच्या कड्या जोडत आणि सांगली केंद्र ऐकत. ऐकलेला एखादा शब्द हळूच पुटपुटून बघत. वर्षभरात त्या आठवडी बाजारात घासाघीस करू लागल्या. संध्याकाळी मात्र धारवाड केंद्रावर कानडी गाणी लागत, तेव्हा त्यांचे हात मंदावत. रुद्राप्पा माझा काटा तेवढा तिथून हलवत नसत.

ते माझे भाग्याचे दिवस. बातम्या ऐकायला गल्ली उंबऱ्यावर जमायची. पुढे घरात टीव्ही आला, मग मोबाईल आले. रुद्राप्पा गेले. माझ्या डोक्यावर औषधाच्या बाटल्या, पकडी आणि त्यांच्या मुलाचे, वीरेशचे, हेल्मेट येऊन बसले. आत उंदराने एक वायर कुरतडली, आणि माझा आवाज गेला.

यंदा वीरेशला पॉलिशचे नवे यंत्र बसवायचे होते. कोपरा रिकामा हवा होता. त्याने मोबाईलवर माझा फोटो विकायला टाकला आणि शिरोलीजवळ हॉटेल चालवणारे उदयसिंह गाडी घेऊन आले. त्यांनी माझ्या पेटीवर बोटे वाजवून पाहिली.

“लाकूड झकास हाय,” ते म्हणाले.

“पावणं, लावून तरी बघा,” हिराबाई म्हणाल्या.

“कशाला, मावशी? आतलं सगळं काढणार हाय. लायटिंग आणि मोबाईलचा स्पीकर बसवून काउंटरवर ठेवतो. गिऱ्हाईक फोटो काढतंय बघा.”

मित्रांनो, ते ऐकून माझी काय अवस्था झाली असेल? मला पाय नाहीत. ओरडावे तर आवाज नाही.

हिराबाईंनी उठून माझी पिन लावली आणि बटण फिरवले. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. मी सगळा जीव एकवटला, पण गाणे नाही, शब्द नाही. नुसती घरघर.

“बघितलंस, अव्वा?” वीरेश आईला म्हणाला. “संपलंय त्ये.”

“घरघरतंय न्हवं? मग संपलं कसं?” हिराबाईंनी माझ्या पेटीवर हात ठेवला. “इकायचं म्हणशील तर इकूया. मी न्हाय म्हणत न्हाय. पर पोट फाडायला देणार न्हाय. पावणं, खोकं पायजे तर चांगला सुतार गाठा.”

वीरेशला मेल्याहून मेल्यासारखे झाले. उदयसिंह मात्र वाकून माझे लाल व्हॉल्व्ह बघू लागले.

“बरोबर हाय तुमचं, मावशी,” असे म्हणून त्यांनी चहा घेतला आणि रिकाम्या हाताने गेले.

चार दिवस वीरेश आईशी धड बोलला नाही. यंत्र पडवीत पडून होते. मग तोच फोटो पाहून तुमच्या विज्ञानाच्या स्वप्नाली बाई आल्या.

“चालत न्हाय, ठाऊक हाय न्हवं?” हिराबाईंनी आधीच सांगितले.

“ठाऊक आहे. दुरुस्त करून घेईन. मुलांना व्हॉल्व्ह दाखवायचेत, पेटलेले.”

हिराबाईंनी तिथेच सौदा पक्का केला. त्यांनी स्वतःच्या जुन्या लुगड्यात मला गुंडाळले. वीरेशने गाठ घट्ट मारली आणि मला उचलून रिक्षात ठेवले. निघताना हिराबाई बाईंना म्हणाल्या, “पाण्याजवळ ठिवू नका. आणि लावल्यावर जरा दम धरा. त्याला तापायला वेळ लागतो.”

कोल्हापुरातल्या एका कारागिराने माझी वायर जोडली. आता संध्याकाळी तुम्ही माझी एरियलची तार गच्चीवर बांधलीत, की दूरदेशीचे एखादे केंद्र मला सापडते. भाषा तुम्हाला कळत नाही, तरी तुम्ही कान लावून बसता, हे मला फार आवडते.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझा एखादा भाऊबंद धूळ खात असेल. घरात जागा लागते, हे मला कळते. त्याला खुशाल विका. पण त्याआधी एकदा त्याची पिन लावून बघा, आणि त्याला नेऊन त्याचे काय करणार, हे घेणाऱ्याला तोंडावर विचारा.