मादी आत, नर बाहेर

मासळी बाजारामागचं बर्फाचं गोदाम माणसांनी ठासून भरलेलं. ओली फरशी, घामाचा वास, मधोमध टेबलावर पत्र्याचा उंच डबा. डब्यामागे महाराज.

"बघून घ्या! पोटावरची ही झाकणी. रुंद, गोल. म्हणजे काय?"

"मादी!" गर्दी ओरडली.

महाराजांनी खेकडीच्या पाठीवर लाल ठिपका दिला. डब्यात सोडली. वर चिमूटभर करडी पावडर. डोळे बंद, ओठ चालू. मग हात आत, खेकडा बाहेर. पाठीवर तोच ठिपका. पोटावरची झाकणी मात्र अरुंद, टोकदार.

"आता?"

"नर!"

"जी पावडर खेकडीला पालटते, ती पोटातल्या गर्भाला सोडेल काय?"

(इथे टाळ्या. वर्णन करत नाही. मूर्खपणाचा आवाज सगळीकडे सारखाच.)

पुढचा नंबर माझ्या वहिनीचा. पाचवा महिना, आधीच्या दोन मुली. तिला धरून आणलं होतं माझ्या आईनं. आणि मी? बाजारातले वजनकाटे दुरुस्त करणारा, ग्रॅमचाही फरक न सोडणारा मी, मागे तोंड मिटून उभा.

महाराज वहिनीकडे न बघताच म्हणाले, "मुलगी आहे."

थांबा. हे वाक्य पुन्हा वाचा. महाराज प्रत्येकीला हेच सांगतात. मुलगा झाला की पावडरचा गुण, मुलगी झाली की बाईची श्रद्धा कमी. हरण्याची भानगडच नाही. गेल्या महिन्यात एक बाई ही पावडर पिऊन दवाखान्यात पोचली आणि रिकाम्या कुशीनं परतली. तिचीही म्हणे श्रद्धाच कमी पडली.

पावडर कालवलेला पेला वहिनीच्या हातात आला.

"पी गं," आई म्हणाली.

"आई, त्या बाईचं काय झालं, ऐकलंत ना?" वहिनी म्हणाली.

"तिचं तिच्यापाशी. तू पी."

"महाराज, तो नर जरा इकडे द्या की!"

ही सुरीमावशी. तीस वर्षं बाजारात खेकडे साफ करते, हातातली सुरी जेवतानाच काय ती खाली ठेवते.

"बाई, इथे शंका चालत नाही."

"शंका कसली? पळवून नेतेय का मी? हाताळते फक्त."

महाराज नको म्हणेपर्यंत खेकडा तिच्या हातात उताणा. सुरीच्या टोकानं तिनं झाकणी अलगद उचकटली, आत डोकावली आणि फिसकन हसली.

"कोणी गंडवलं हो तुम्हाला? ही तर पोर आहे! वयात न आलेली मादी. लहानपणी यांची झाकणी अशीच टोकदार असते. वयात येताना कवच टाकलं की रुंद होते, अंडी धरायला. आत बघा, बारीक पायांच्या चार जोड्या. नराला दोनच असतात, काडीसारख्या. तुमचा नर, महाराज, मुलगीच निघाला!"

गोदाम हसलं. महाराज घोगऱ्या आवाजात म्हणाले, "परिवर्तन... अजून अर्धंच झालंय."

"मग पहिली खेकडी अख्खी आतच असेल," असं म्हणून मी पुढे झालो. बऱ्याच उशिरा, पण झालो. डबा वाकडा करून सगळ्यांना दाखवला. मधोमध पत्र्याची भिंत. पलीकडच्या कप्प्यात लाल ठिपक्याची जाडजूड मादी नांग्या दुमडून बसलेली. चमत्कार एवढाच: दोन खेकड्या, दोन ठिपके, एक पत्रा. आणि चमत्कार करणाऱ्याला स्वतःच्या मालातलं नर-मादीही कळत नव्हतं.

"पण पावडर तरी खरी असेल ना?" माझी आई. होय, अजूनही.

वहिनीनं पेला महाराजांसमोर ठेवला. "तुम्हाला तर बाळ व्हायचं नाही. एक घोट घ्या."

महाराजांनी पेल्याकडे पाहिलं. मग दाराकडे. दारात आता सुरीमावशी जाऊन उभी होती.

ते प्यायले नाहीत.

आईनं ते पाहिलं आणि पेला स्वतःच्या हातानं गटारात ओतला.

मुलगा की मुलगी, हे गर्भ राहतो तेव्हाच ठरतं, तेही पुरुषाच्या बीजावरून. नंतर कुठल्याही पावडरनं ते बदलत नाही. म्हणून सांगतो, श्रद्धा मागणाऱ्याला आधी डबा उघडायला लावा, आणि तो जे आपल्या लेकीसुनांना पाजतो, ते आधी त्याला प्यायला सांगा. माझ्यासारखं मागे उभं राहू नका.