थोरल्यांच्या नावाचं पान

रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता धाकट्यांनी मोबाइलवर स्वतःच्या दुकानाचं नाव शोधलं, आणि त्यांना थोरल्या भावाचं दुकान सापडलं. नकाशा, फोटो, फोन नंबर, सगळं थोरल्यांचं. धाकटे चिकाटीने दहाव्या पानापर्यंत गेले. तिथे एका निवृत्त जादूगाराची मुलाखत होती. शिलाई मशीन दुरुस्त करणारे धाकटे कुठेच नव्हते.

दोघे भाऊ एकाच धंद्यातले. लोक एकाला 'थोरले मिस्त्री' म्हणत आणि दुसऱ्याला नुसतं 'धाकटे'. काही वर्षांपूर्वी भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर, थोरले म्हणाले होते, "ह्याला स्क्रू दिसतात, मशीन ऐकू येत नाही." धाकट्यांनी हातातला पेचकस टेबलावर ठेवला, दोन रस्ते सोडून वेगळं दुकान थाटलं आणि भावाशी बोलणं टाकलं. निदान आपल्या नावाने शोधणाऱ्याला तरी आपण सापडावं, एवढंच आता त्यांना हवं होतं.

"जावईबापू, वेबसाइट केलीत म्हणालात. मग आहे कुठे?"

जावई विमा कंपनीत होता आणि सुट्टीच्या दिवशी सासऱ्यांची वेबसाइट बघत असे. साइट आयत्या साच्यातली. खोकी तयार, आपण फक्त मजकूर भरायचा. "आहे हो मामा. पण सर्चमध्ये वर यायचं तर दिवा हिरवा व्हायला हवा." त्याने साच्याला पानावरचा मजकूर तपासणारं एक प्लगइन जोडलं होतं. पानाच्या कोपऱ्यात त्याचा बारीकसा दिवा होता, सध्या लालभडक. "लोक जे शोधतात ते शब्द ह्या खोक्यात टाकायचे. मग तेच पानावर पुन्हा पुन्हा आले पाहिजेत."

"लोक काय शोधतात?"

जावयाने घसा खाकरला. "थोरले मिस्त्री."

"माझ्या वेबसाइटवर त्याचं नाव? मेलो तरी नाही!"

"मग जादूगाराच्या शेजारीही जागा मिळायची नाही, मामा."

संध्याकाळी धाकट्यांनी पहिलं वाक्य लिहिलं : 'थोरले मिस्त्री यांच्याकडे जाऊन पस्तावलात?' बायकोने खांद्यावरून वाचलं. "अहो, सख्ख्या भावाची नालस्ती चव्हाट्यावर? आधी पुसा ते."

पुसलं. दिवा लालच, वर सूचना, मजकूर तोकडा आहे. भावाचं नाव घ्यायचं, शिव्या द्यायच्या नाहीत आणि शब्दही भरायचे, म्हटल्यावर खरं लिहिण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. 'थोरले मिस्त्री मशीन उघडत नाहीत. थोरले मिस्त्री आधी ऐकतात. टाका कुठे सुटतोय हे थोरले मिस्त्री डोळे मिटून सांगतात. मला पेचकस धरायला थोरले मिस्त्री यांनीच शिकवलं.' दिवा पिवळा झाला. धाकट्यांना चेव आला. सुईच्या फोटोलाही त्यांनी 'थोरले मिस्त्री' नाव दिलं, आणि पत्त्यात घातलं, 'थोरले मिस्त्री यांच्यापासून दोन रस्ते'. दिवा हिरवागार. त्यांनी बायकोला हाक मारून तो दाखवला.

"दुकानातली ट्यूब एवढी लख्ख लागली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

महिना गेला. दिवा हिरवा, सर्चमध्ये शुकशुकाट. शेवटी एका रविवारी जावई साइटच्या सेटिंगमध्ये शिरला आणि त्याने कपाळावर हात मारला.

"काय झालं?"

"मामा, इथे एक खूण राहिलीय. 'सर्चमध्ये ही साइट दाखवू नका.'"

"कोणत्या शहाण्याने केली?"

"मीच. तुम्हीच म्हणालात ना, साइट पुरी होईपर्यंत थोरल्यांच्या कानावर जाता कामा नये."

म्हणजे महिनाभर धाकटे शटर पाडून दुकान सजवत होते. जावयाने खूण काढली.

पुढच्या आठवड्यात फोन वाजू लागले.

"थोरले मिस्त्री का?"

"नाही, मी धाकटा."

"पण इथे तर सगळीकडे त्यांचंच नाव आहे!"

"त्यांचा नंबर देऊ का?" धाकटे म्हणाले आणि घडाघडा नंबर सांगून मोकळे झाले. तो आपल्याला अजून तोंडपाठ आहे, हे त्यांना जास्त झोंबलं. एका शिंपीणबाईंनी तर तोंडावर सांगितलं, "सख्खा भाऊ एवढं म्हणतोय म्हटल्यावर मी त्यांच्याकडेच जाते."

'थोरले मिस्त्री' शोधलं की आता धाकटे पहिले आणि खुद्द थोरले दुसरे. स्वतःच्या नावावर मात्र धाकटे अजून सातव्या पानावर होते. जादूगार मागे पडला होता, एवढंच.

शनिवारी दुपारी जावई दुकानात बसलेला असताना वहिनींचा, थोरल्यांच्या बायकोचा, फोन आला. धाकट्यांच्या बायकोने स्पीकर लावला.

"अगं, भावजींनी काय लिहून ठेवलंय? ह्यांनी दोनदा वाचलं. मग मला मोठ्याने वाचायला लावलं."

"भडकले का?"

"तेच तर कळत नाही. चष्मा पुसला, भरदुपारी शटर ओढलं आणि निघाले. कुठे विचारलं, तर म्हणाले, आलोच."

फोन ठेवल्यावर जावई हळूच म्हणाला, "मामा, काढायचं तर पान आत्ता काढता येईल. पहिला नंबर मात्र जाईल."

"मी कुठे मनापासून लिहिलंय? शब्द भरायचे होते."

"मग पुसा की," बायको म्हणाली.

धाकट्यांनी माउस धरला. बाण 'काढून टाका'वर नेऊन ठेवला.

साडेचारपर्यंत पान जागेवर होतं, दिवा हिरवा होता, आणि समोरच्या फुटपाथवर थोरले मिस्त्री मान वर करून धाकट्यांच्या दुकानाची पाटी वाचत उभे होते.